पाण्याचे अकरा दगड

माझ्या गाडीमागच्या यारीवर ताईबाई बसली होती आणि मला ते ठाऊक नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक पुढचं ऐकताना मला मधेच अडवतात आणि विचारतात, मग तुला दिसली कशी नाही? नाही दिसली. दिसायला मागं बघावं लागतं. मी बघितलं नाही, आणि का नाही बघितलं तेच सांगायचंय.

मी एलिया, दौंडचा. वडील रेल्वेत होते. यार्डात गाडी लागली की डब्यांची जोडणी तपासायची, चाकांवर हातोडा मारून आवाज ऐकायचा, हे त्यांचं काम. घरी जेवतानासुद्धा तेच चालायचं. गाडी हलवायच्या आधी शेवटच्या डब्यापर्यंत चालत जायचं, बसल्या जागेवरून बघितलेलं बघितलं होत नाही, असं ते म्हणायचे. मी काही रेल्वेत लागलो नाही. परीक्षेच्या हॉलमध्येच वरच्या साहेबाशी भांडलो आणि उठून आलो. मग पिकअप घेतली, मागं चांगला जाड हूक बसवून घेतला आणि चाकावरचं जे काही लोकांना हलवायचं असेल ते ओढायला लागलो. जनरेटर, काँक्रीटचा मिक्सर, मळणीयंत्र. पंधरा वर्षं झाली. बायको हन्ना म्हणते, "तुमचं डोकं आधी पोचतं, गाडी मागनं येते." तिचं काही चुकत नाही.

त्या दिवशी सर्जेरावाची यारी ओढायची होती. यारी म्हणजे विहिरीतनं दगडमाती वर काढायची लोखंडी क्रेन. डिझेलचं इंजिन, तारेचा ड्रम, पुढं लांब दांडा, आणि खाली दोन चाकं. न्हावऱ्याच्या अलीकडं एका वस्तीवर सर्जेरावाची विहीर पुरी झाली होती. आता भीमा ओलांडून दौंड तालुक्यात, पारगावच्या पुढं पोपटरावांच्या रानात नवीन विहीर धरायची होती. टोळीतली बाकीची माणसं मोटारसायकलींवर पुढं गेलेली. मागं राहिले होते तिघंच. मुकादम सर्जेराव, त्याची बायको ताईबाई आणि यारी चालवणारा सम्राट.

सकाळी आठला पोचलो. ताईबाईनं आधी भाकरी आणि ठेचा पुढं ठेवला, मग कामाचं बोलली. पन्नाशीची बाई. पंचवीस वर्षं विहिरीच्या काठावर काढलेली, दंड माझ्यापेक्षा मजबूत. खाऊन हात धुतले आणि यारीकडं गेलो. ट्रेलर ओढायचा असेल तर मी पहिली एक गोष्ट करतो, त्याच्या जोडणीच्या दांडीला हात घालून ती उचलून बघतो. दांडी हाताला जड लागली पाहिजे, कमरेला ताण आला पाहिजे. ही दोन बोटांवर उचलली गेली.

"सर्जेराव, हे चालायचं नाही."

"काय झालं आता?"

"दांडी हलकी आहे. सगळं वजन मागं गेलंय. पेटीतले दगड खाली घ्या."

यारीच्या मागच्या टोकाला पत्र्याची मोठी पेटी असते. पुढच्या दांड्यावर भरलेली बादली लटकली की यारी विहिरीत कलंडू नये, म्हणून त्या पेटीत दगड भरतात. काम करताना ते पाहिजेतच, पण रस्त्यावर तेच दगड जीव घेतात. ट्रेलरचं शेपूट जड असलं की वेग घेतल्यावर ते डोलायला लागतं, आणि एकदा डोलायला लागलं की पुढच्या गाडीलाही फिरवतं. सर्जेरावाला हे माहीत नसायचं कारण म्हणजे त्याची यारी आजवर ट्रॅक्टरनंच हललेली. ट्रॅक्टर पंधराच्या वर जात नाही. उलट उसाच्या ट्रॉलीचं वजन दांडीवर आलं की ट्रॅक्टर पुढनं उठतो, म्हणून आमच्याकडचे ट्रॅक्टरवाले वजन मागंच ढकलतात. त्याला वाटायचं, मागं जड आहे म्हणजे बरंच आहे.

साधे दगड त्यानं काढू दिले. सम्राटनं आणि मी मिळून काढले. तळाला अकरा राहिले, काळेभोर, एकेक तीस-पस्तीस किलोचा, प्रत्येकावर शेंदराचा ठिपका.

"ह्ये हालायचं न्हाईत," सर्जेराव म्हणाला.

"का?"

"पाण्याचं हायती. ज्या हिरीला पानी लागलं तिच्या तळातला येक दगड. अकरा हिरी झाल्या, येक बी कोरडी न्हाई. नव्या जाग्यावर नारळ फुटल्याबिगर ह्ये पेटीतनं भाईर येत न्हाईत."

मी म्हणालो, मी स्वतः उचलतो, हात जोडतो आणि माझ्या पिकअपच्या हौद्यात ठेवतो. केबिनच्या पाठीशी, सतरंजीवर ठेवतो. तर हा मान हलवायला तयार नाही. वर म्हणतो, रस्त्यानं दगडांपाशी टोळीचं एक माणूस बसलेलं लागतं, पाणी एकटं पाठवत नाहीत.

माझं डोकं फिरलं. "यारीवर माणूस? मग दुसरी गाडी बघा. मी निघालो."

खरंच निघालो होतो. किल्ली हातात घेतली होती. तेव्हा ताईबाई मधे आली.

"एलियादादा, हळू न्हेली तर?"

"हळू नेली तर जाईल. ट्रॅक्टरसारखी."

"हळू म्हंजी कितीनं?"

"पंचवीस."

"मग पंचवीसनं न्ह्या. तुमचा शबूद ऱ्हाऊ द्या, आमचं दगड ऱ्हाऊ द्या."

असं कुणी नीट बोललं की मी विरघळतो. मी म्हणालो, "ठीक आहे. काटा पंचवीसच्या वर जाणार नाही. पण यारीवर कुणी बसायचं नाही."

"न्हाई बसत," सर्जेराव म्हणाला.

मग मी जोडणी केली ती अशी की वडील असते तरी बोट ठेवायला जागा मिळाली नसती. सर्जेरावानं पिनीच्या जागी सळईचा तुकडा पुढं केला, तो मी उसात भिरकावला. माझी पिन घातली, पिनीला खालून कडी लावली. दोन साखळ्या दांडीच्या खालनं एकमेकींवर आडव्या घेतल्या. टायरमधली हवा बघितली. यारीचा दांडा खाली घेऊन तारेनं आवळला, मागच्या पेटीवर लाल फडकं बांधलं. मागच्या दिव्यांची वायर जोडून सम्राटला ब्रेक दाबायला लावला आणि मागं उभं राहून दिवे बघितले. शेवटी सगळ्याभोवती एक चक्कर चालत मारली. ताईबाई आणि सम्राट हौद्यात बसले, भांडीकुंडी आणि ताडपत्रीसोबत. सर्जेराव माझ्या शेजारी.

न्हावऱ्यापर्यंत काटा पंचवीसवर. मागं गाड्या साचायच्या, मी कडेला घ्यायचो, त्या जायच्या. यारी गरीब गाईसारखी मागनं येत होती. एकदाही डोलली नाही.

न्हावऱ्याच्या चौकात चहाला थांबलो आणि तिथं माझं डोकं फिरलं.

सर्जेरावाचा फोन वाजला. पोपटराव होते. बाराच्या आत नारळ फोडायचा ठरलाय, तुम्ही कुठं आहात, असं विचारत होते. फोन ठेवून सर्जेराव टपरीवरच्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एलियाशेठ, ही पिकअप हाय का हातगाडी? आमचं म्हातारं बैल जुंपलं असतं तरी आता नदीवर पानी पेलं असतं."

लोक हसले. मीही हसलो. इथवर ठीक होतं.

"त्यांचं बी खरंय म्हणा," सर्जेराव पुढं म्हणाला. "घरानंच तसलं. वडलांनी उभी हयात गाड्या बघितल्या, पर चालवली येक न्हाई. नुसता हातोडा घिऊन डब्यांच्या मागनं हिंडायचं."

माझे वडील एका पावसाळ्यात यार्डात घसरून पडले, गुडघा गेला, तरी चार वर्षं लंगडत गाड्या तपासत होते. एक गाडी त्यांच्या हातनं वाईट गेली नाही. हे त्या माणसाला कशाला सांगू? मी ग्लास फळीवर आपटला. चहा उडाला. टपरीवाला काहीतरी बोलला, मी ऐकलं नाही. तडक जाऊन केबिनमध्ये बसलो, दार आपटलं, इंजिन चालू केलं आणि हॉर्न दाबून धरला. सर्जेराव मागनं आला आणि बसला. मी गाडी काढली.

चक्कर मारली नाही. शेवटपर्यंत चालत गेलो नाही.

नंतर कळलं की मी टपरीवर हसत होतो तेव्हाच सर्जेरावानं ताईबाईला खूण केली होती. ती हौद्यातनं उतरली आणि यारीवर जाऊन बसली, इंजिनाच्या मागं, पेटीला पाय लावून. सम्राटला वाटलं, मला विचारलंच असेल. हौद्यात ताडपत्रीचा ढीग, केबिनच्या मागच्या काचेतनं काही दिसत नाही. बाजूच्या आरशात यारीच्या कडा दिसतात, मधलं माणूस दिसत नाही.

न्हावऱ्यातनं पारगावकडं आता सिमेंटचा रस्ता आहे, रुंद आणि सरळ. असा रस्ता पायाला फसवतो. मी तोंडातल्या तोंडात सर्जेरावाला शिव्या देत होतो. मागं एसटी आली आणि हॉर्न वाजवायला लागली. मला कडेला घेता आलं असतं. सकाळपासून दहा वेळा घेतलं होतं. पण शेजारी सर्जेराव हाताची घडी घालून बसलेला, चेहऱ्यावर तेच हसू. मी कडेला घेतलं नाही. पाय दाबला.

पस्तीस. चाळीस. यारी मुकाट येत होती. पन्नास झाले तेव्हा सर्जेराव म्हणाला, "हां, आता गाडी वाटती." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. माझ्या मनात आलं, बघ, हातोडेवाल्याचं पोरगं गाडी कशी चालवतंय ते. काटा साठच्या पुढं गेला होता. बासष्ट. तो आकडा मी अजून विसरलेलो नाही.

नागरगाव मागं पडलं आणि रस्ता नदीकडं उतरायला लागला. तिथं पहिल्यांदा स्टिअरिंग हातात हललं. थोडंसंच, कुणी मागनं शर्ट ओढावा तसं. मी आरशात बघितलं. पेटीवरचं लाल फडकं डाव्या आरशात दिसलं आणि गेलं. मग उजव्या आरशात दिसलं आणि गेलं. परत डाव्या. दर खेपेला जरा जास्त बाहेर.

मला काय चाललंय ते पक्कं माहीत होतं, आणि ते कुणी केलंय तेही.

"काय हुतंय?" सर्जेरावाचं हसू गेलं होतं. "ब्रेक मारा की."

"गप बसा."

ब्रेक मारला असता तर पिकअप थांबली असती, यारी थांबली नसती. तिला स्वतःचे ब्रेक नाहीत. ते दीड टनाचं धूड दांडीवरून आम्हाला आडवं ढकलून वर आलं असतं. अशा वेळी करायचं एवढंच, पाय वेगावरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, उलटसुलट फिरवायचं नाही, आणि वेग आपोआप कमी होईस्तोवर वाट बघायची. सपाटीवर ते जमतं. इथं उतार होता. पाय काढला तरी काटा बासष्टवरून हलेना. यारीच्या दर झोक्याला पिकअपचं मागचं अंग सरकत होतं, टायर ओरडत होते, आणि मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं होतं की खांद्यात कळा येत होत्या.

पुढं बघितलं तर पुलाच्या तोंडाशी उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, गच्च भरलेल्या, मुंगीच्या पावलानं पुलावर चढत होत्या. समोरनं पुलावरून एक टँकर येत होता, त्यामुळं उजवीकडनं काढायचा प्रश्नच नव्हता. अंतर असेल चारशे मीटर.

मी ठरवलं. डाव्या बाजूला उसाचं रान होतं, रस्त्यापासून फूटभर खाली. गाडी रानात घालायची. यारी कलंडेल, पिन तुटेल नाहीतर साखळ्या तुटतील, लोखंड जाऊ दे. हौद्यात सम्राट आणि ताईबाई आहेत, त्यांना ताडपत्री आहे, ऊस आहे, हातपाय मोडतील पण जगतील. मी मनातल्या मनात म्हणालो, प्रभू, आता तूच बघ, आणि स्टिअरिंग डावीकडं घ्यायला हात सैल केले.

तेवढ्यात केबिनच्या टपावर धडाधड हात पडायला लागले. सम्राट ओरडत होता. पहिल्यांदा मला शब्द लागेनात. मग लागले.

"ताईबाई मागं हाय. यारीवर हाय ताईबाई."

मी सर्जेरावाकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. तेवढ्यावरनं मला कळलं.

यारी उजवीकडं झोकली आणि आरशात ती दिसली. हिरवं लुगडं, पदर सुटलेला, एका हातानं लोखंडी खांबाला मिठी मारलेली. पुढच्या क्षणी आरशात नुसतं फडकं.

आता रानात घालता येत नव्हतं. यारी कलंडली असती तर ती तिच्याखाली गेली असती. ब्रेक मारता येत नव्हता. पुढं ट्रॉली. तीनशे मीटर असतील. मला आठवतंय, मी मोठ्यानं बोलत होतो, सरळ, सरळ, सरळ, आणि सर्जेराव माझा दंड धरून तिचं नाव घेत होता. मी त्याला कोपर मारून हात सोडवला. मला रडू येत होतं, आणि राग कुणाचा करावा ते कळत नव्हतं.

पुढचं मी आरशात तुकड्या-तुकड्यानं बघितलं. उजव्या आरशात ती बसलेली होती. मग आडवी झालेली दिसली, पाय पेटीच्या फळीवर. पेटीला मागनं एक लाकडी फळी असते, दोन आकड्यांत अडकवलेली. ती टाचेनं आकडे मारत होती. एक निघाला. फळी एका बाजूनं लोंबायला लागली. परत ती आरशातनं गेली. परत आली तेव्हा फळी नव्हती आणि पहिला काळा दगड रस्त्यावर उड्या मारत मागं चालला होता.

एसटीवाल्यानं यारीचं डोलणं बघून गाडी कधीच मागं ठेवली होती, नाहीतर तिथं आणखी काय झालं असतं कुणास ठाऊक.

झोक्यासरशी दोन-तीन दगड आपोआप गेले. बाकीचे ती ढकलत होती. एका हातानं खांब धरलेला, दुसऱ्या हातानं दगड. पस्तीस किलोचा दगड एका हातानं, आणि तेही खालची जमीन अशी डावी-उजवी पळत असताना. मी आपला स्टिअरिंग सरळ धरून होतो. तेवढंच माझ्या हातात होतं. पाच गेले. सात गेले. मग स्टिअरिंगला ते पहिल्यांदा लागलं. दांडी हुकावर खाली बसली, वजन आलं. पुढचा झोका मागच्यापेक्षा लहान होता. उरलेले चारही गेले आणि त्याच्या पुढचा आणखी लहान. मी ब्रेकवर पाय ठेवला, नुसता ठेवला, सोडला. परत ठेवला, परत सोडला. पन्नास. चाळीस. यारी सरळ मागं आली. तीस. ट्रॉलीवरच्या उसाच्या शेंड्यांची वाढी हाताशी आल्यासारखी दिसत होती. वीस. गाडी थांबली तेव्हा तिचं नाक आणि ट्रॉली यांच्यात एक बैलगाडी मावली असती. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नाही. त्याच्या टेपवर गाणं चालू होतं, तो तसाच पुलावर गेला.

हँडब्रेक ओढला, पण हात त्याच्यावरून सुटेना.

सर्जेराव दार उघडून पळाला. मी उतरलो आणि मागं गेलो. मला वाटलं, तो बायकोकडं गेला. तो तिच्या शेजारनं तसाच पुढं गेला, उतारावर वरच्या अंगाला, एसटीकडं. तिथं रस्त्यावर दगड पसरले होते. तो एकेक गोळा करून कडेला मांडत होता आणि मोजत होता.

ताईबाई यारीवरून उतरून ट्रेलरच्या दांडीवर बसली होती. उजव्या हाताची दोन बोटं चेचली होती, एकाचं नख गेलेलं. रक्त लुगड्यावर टपकत होतं. सम्राट तिला पाणी देत होता. मी रुमाल काढला. तिनं तो घेतला नाही.

सर्जेराव एक दगड दोन्ही हातांत पोटाशी धरून परत आला. चेहरा पांढरा पडलेला. "सात धड हायती," तो म्हणाला. "चार फुटलं. धा वर्साचं पानी सांडलंस गं. आता पोपटरावाच्या हिरीला न्हाई लागलं म्हंजी कुणाला तोंड दावू?"

माझ्यात जे काही होतं ते सगळं उसळून आलं. मी त्याची गचांडी धरली. दगड त्याच्या हातनं पडला, माझ्या पायावर पडता पडता वाचला. "तिला तिथं बसवलं कुणी? मी नको म्हणालो होतो ना? हे दगड काढा म्हणून मी सकाळपासनं ओरडतोय. तुझ्या या दगडांनी आज पाच मिनिटांत तुझी बायको खाल्ली असती." एसटीतले लोक उतरून जमले होते, मी त्यांनाही सांगत सुटलो, बघा हो, असली माणसं, दगडासाठी बाईचा जीव. लोक माझ्या बाजूनं माना हलवत होते. कुणीतरी म्हणालं, ड्रायव्हर होता म्हणून वाचले. मला ते गोड लागलं. हेही सांगितलं पाहिजे.

"एलियादादा," ताईबाई म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नाही. पण मी गचांडी सोडली.

"ह्यांनी मला बस म्हणलं, त्ये खरं. पर ह्यांनी म्हणलं म्हनून मी बसले न्हाई. मी काय येडी न्हाई. तुमी पंचवीस म्हणलावता. न्हावऱ्यापतुर मी मागं बगत आले, पंचवीसच चालवली. म्हणलं, मानूस शबदाचा हाय, बसाय काय हरकत न्हाई. म्हनून बसले."

लोक माझ्याकडं बघायला लागले. मगाशी मान हलवणारेच.

"कितीवर हुता काटा?" तिनं विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. पंचेचाळीस म्हटलं असतं तर कुणी तपासायला जाणार नव्हतं. सर्जेरावानं काटा बघितला होता, पण त्याचं तोंड आता उघडणार नव्हतं. आणि सकाळी भाकरी वाढताना बघितलं होतं तसंच ती माझ्याकडं बघत होती, त्यात काही फरक नव्हता. तेच मला सहन झालं नाही.

"बासष्ट," मी म्हणालो. "मागं बघितलंही नाही. राग आला होता."

"राग कुनाचा?"

"ह्यांचा."

तिनं मान हलवली. "ह्ये गाडीत तुमच्या शेजारी बसलं हुतं. मागं मी हुते."

मी रुमाल खिशात घातला आणि दगडांकडं वळलो.

राहिलेले सात दगड सम्राटनं आणि मी उचलून हौद्यात ठेवले, केबिनच्या पाठीशी. सर्जेराव कडेला उभा होता, त्यानं नारळाचं नाव काढलं नाही. मी दांडी उचलून बघितली, जड लागली. पिन बघितली, साखळ्या बघितल्या, चारही बाजूंनी चालत गेलो. हात काम करत होते आणि डोक्यात तेच एक वाक्य फिरत होतं.

"पारगावात दवाखाना आहे," मी ताईबाईला म्हणालो. "पुढं केबिनमध्ये बसा. सर्जेराव मागं बसतील. दहा मिनिटांत पोचवतो."

"न्हाई. मी चालत जाते."

"एवढं रक्त जातंय. पूल लांबडा आहे. ऊन आहे."

"चालत जाते," ती म्हणाली. "आता तुमच्या गाडीत न्हाई बसायची."

रागानं म्हणाली असती तर मी भांडलो असतो. भांडण मला जमतं. तिनं पदर दातांनी फाडला, हाताला गुंडाळला आणि पुलाच्या दिशेनं निघाली, रस्त्याच्या डाव्या कडेनं. सर्जेराव दोन पावलं तिच्या मागं गेला. तिनं वळून एकदाच बघितलं, तो जागीच थांबला. मग हौद्यात चढला आणि दगडांशेजारी बसला.

मी गाडी चालू केली. पहिला गिअर टाकला आणि तिच्या मागनं निघालो. मागं एसटी, तिच्या मागं दोन ट्रक, मोटारसायकली. सगळे हॉर्न वाजवत होते. कुणीतरी खिडकीतनं माझ्या आईवरून शिवी दिली. सर्जेरावाचा फोन केबिनमध्येच राहिला होता, तो वाजत होता. घेतला. पोपटराव म्हणाले, अहो कुठं आहात, बारा वाजायला आले. मी म्हणालो, पुलावर आहोत, चालत येतोय. त्यांना काही कळलं नाही. मी फोन ठेवला.

पुलावर वारा होता. ताईबाई कठड्याच्या कडेनं चालत होती, दुखरा हात छातीशी धरून. ती माझ्यापुढं दहा पावलांवर होती आणि मी ते अंतर कमी होऊ देत नव्हतो. अर्ध्या पुलावर ती थांबली. मागं वळली. गाडीकडं बघितलं, मग मागच्या यारीकडं बघितलं. आणि चांगला हात वर करून तिनं खाली दाबल्यासारखा केला, हळू.

मी पहिल्याच गिअरमध्ये होतो. तरी आणखी हळू केली.